सोडलेले अकरा प्रश्न

प्रिय दादा,

माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तुझ्या पोटात गोळा आला असेल, तर आधी तो खाली ठेव. बाबा बरे आहेत, मी बरी आहे, घराचं छप्पर जागच्या जागी आहे. उलट बातमी इतकी मोठी आहे की सकाळपासून तीनदा कागद पुढ्यात घेतला आणि तीनदा नुसत्याच खोलीत येरझाऱ्या घातल्या. फोन का केला नाहीस, असं तू विचारणारच. अरे, फोनवर मला खरं बोलताच येत नाही आता. आठ वर्षं लिफ्टच्या कंपनीच्या मदत कक्षात बसून अशी खोड लागली आहे की कानाला काही लागलं की आवाज आपोआप मऊ होतो आणि तोंडातून 'काळजी करू नका, सगळं ठीक आहे' एवढंच बाहेर पडतं. दर रविवारी तुझ्याशी बोलतानाही तेच होतं. जिच्या किंचाळण्याला कंटाळून तू कानावर उशी दाबून झोपायचास, त्या तुझ्या टिटवीला ऑफिसात आता 'बर्फाची लादी' म्हणतात. म्हणून म्हटलं, लिहावं. लिहिताना तरी मी मीच असते.

आता नीट बसून वाच. मला एमबीएला प्रवेश मिळाला! पूर्ण वेळचा, दोन वर्षांचा. गल्लीबोळातल्या कॉलेजात नाही रे, ज्या संस्थेचं नाव काढलं की आमचे साहेब खुर्चीत सरळ होऊन बसतात, तिथे. मी, वय वर्षं चौतीस, शाळेत गणितात काठावर पास. विश्वास बसत नसेल तर परत वाच, मीही ते पत्र दिवसातून चार वेळा वाचते. आनंद लपवता येत नाही मला, काय करू. परवा बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईंनी विचारलं, काय हो, एकट्याच हसताय? मी त्यांनाही सगळं सांगून टाकलं. त्यांचा थांबा मागे पडला तरी त्या ऐकत बसल्या होत्या. हुरळली मेंढी म्हणतात ना, तशी माझी गत झाली आहे.

हे खूळ डोक्यात शिरलं कुठून, ते सांगते. आमच्या कामाचा एकच मोठा नियम आहे. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने धोक्याचं बटण दाबलं की आमच्याकडे फोन वाजतो, आणि कारागीर पोचून दार उघडेपर्यंत तो ठेवायचा नाही. दहा मिनिटं लागोत नाहीतर दीड तास. माणूस रडो, शिव्या देवो, गप्प बसो, आपण त्याच्यासोबत राहायचं. आठ वर्षांत मी एकदाही आधी फोन ठेवलेला नाही. तर अशा लांबलेल्या फोनांत हाताला चाळा म्हणून मी एका वहीत टिपत असे, कुठली इमारत, कुठला वार, किती वाजता. एकदा वही चाळताना दिसलं की एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीतली लिफ्ट नेमकी सोमवारी सकाळीच अडकते. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जाऊन बघून आले. रविवारी तिथे फरशी धुतात, ते मळकं पाणी दाराखालच्या खाचेत उतरून वाळतं आणि सोमवारी दार अर्ध्यात अडतं. मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, बाई, तुम्ही फोन घ्या.

मग नवे साहेब आले, वय सत्तावीस. त्यांनी आमच्या नोंदींवरून तेच शोधून काढलं, रंगीत आलेख काढून बैठकीत मांडलं आणि टाळ्या घेतल्या. सगळे माझ्याकडे चोरून बघत होते, आता ही भडकणार म्हणून. खरं सांगू? मला राग आला नाही, हेवा वाटला. माझी वही खरी होती आणि त्यांचा आलेखही खरा होता, पण त्यांचं ऐकलं गेलं. चहाच्या वेळेला मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, हे असं मांडायला कुठे शिकवतात? त्यांना वाटलं मी टोमणा मारतेय. मी माझी वही दाखवली तेव्हा बिचारे कानापर्यंत लाल झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली जुनी प्रवेश परीक्षेची पुस्तकं पोतंभर आणून माझ्या टेबलावर ठेवली. वर म्हणाले, गणिताची भीती वाटत असेल तर आधी इंग्रजीपासून सुरू करा. मला दोन्हीची वाटत होती.

नोकरी करून अभ्यास म्हणजे काय, ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. सात ते तीन माझी पाळी. त्याआधी बाबांचं अंग पुसणं, गोळ्या, नाश्ता. मग मदतीच्या बाई येतात आणि मी बस गाठते. जाता-येता बसमध्ये पंचवीस-पंचवीस मिनिटं, जेवणाच्या सुट्टीत सुट्या भागांच्या कोठीत लिफ्टच्या तारदोरांच्या रिळावर बसून अर्धा तास. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या आमच्या थोरल्या बाई, निवृत्तीला आलेल्या, त्यांना सगळे 'फौजदारीण' म्हणतात. त्या रोज माझे फोन दहा मिनिटं जास्त सांभाळायच्या आणि वर दम द्यायच्या की नापास झालीस तर ही सगळी मिनिटं व्याजासकट वसूल करीन. शेकडेवारी, नफा-तोटा, दोन नळांनी भरणाऱ्या आणि एका भोकाने गळणाऱ्या टाक्या! शाळेत ही उदाहरणं तू माझ्या वहीत तुझ्या अक्षरात सोडवून द्यायचास आणि बदल्यात मी तुझे पळायचे बूट पुसायची, आठवतंय? त्या बुटांनी सूड उगवला माझ्यावर. दोन महिने एकही टाकी भरेना.

आणि एक गंमत ऐक. एक दंतवैद्य चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकले. बंद जागेची जबरदस्त भीती, श्वास लागलेला, कारागीर रहदारीत. मी हवापाणी, मुलंबाळं, दातांची निगा, सगळं विचारून संपवलं आणि अजून चाळीस मिनिटं जायची होती. समोर पुस्तक उघडं होतं. म्हटलं, डॉक्टर, मी एक उतारा वाचते, मग चार प्रश्न विचारते, बघू कोण जिंकतं. मधमाश्या नवं घर कसं निवडतात, त्यावरचा उतारा होता. त्यांची तीन उत्तरं बरोबर आली, माझी दोन. दार उघडलं तरी हा माणूस बाहेर निघेना, म्हणाला, थांबा, चौथ्याचं उत्तर का चुकलं ते सांगा. आमचे सगळे फोन ध्वनिमुद्रित होतात, त्यामुळे साहेबांनी बोलावलं तेव्हा मला वाटलं, गेली नोकरी. तर त्यांनी तो फोन नव्या मुलींना शिकवायला ठेवून घेतला. तेव्हापासून वर्षभर जो कोणी लिफ्टमध्ये अडकला, त्याने माझ्याबरोबर अभ्यास केला आहे.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. मी मागच्या वर्षीही बसले होते. सपाटून आपटले. आणि अभ्यास कमी पडला म्हणून नाही. गणिताच्या भागात सहावा प्रश्न आला, आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, कोण कोणाच्या शेजारी ते ओळखा. मी त्या आठ जणांना धरून एकोणीस मिनिटं बसले. दोन मिनिटांत सुटला नाही तर पुढे जायचं, हे मला पाठ होतं, पुस्तकात पानोपानी लिहिलेलं असतं. पण हात पुढे जाईना. अडकलेल्याला सोडून दुसरा फोन घ्यायचा नाही, ही सवय अंगात इतकी भिनली आहे की त्या टेबलाभोवतीच्या माणसांना टाकून जाणं मला पाप वाटलं. ती माणसं सुटली बरं का. पण त्या नादात पुढचे चौदा प्रश्न मी बघितलेसुद्धा नाहीत. घरी येऊन बाबांना सांगताना हसत होते आणि मधेच हुंदका फुटला. त्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी तुला नव्या पडद्यांबद्दल सांगत बसले होते.

बाबांनी काय केलं असेल? त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवी बाजू गेली, शब्द मोजकेच राहिले, पण त्यांच्यातला खेळाचा मास्तर काही कुठे गेला नाही. कपाटातून त्यांनी ते जुनं थांबघड्याळ काढायला लावलं. शिट्टी आता ओठांत धरता येत नाही, म्हणून स्टीलचा पेला आणि चमचा घेतला. दर रविवारी सकाळी नऊला मी टेबलाशी, बाबा समोर खुर्चीत. दोन मिनिटं झाली की चमचा पेल्यावर खणकन वाजायचा आणि ते म्हणायचे, 'सोड.' झटक्यानंतर इतका स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. मी ऐकायची नाही, एकच मिनिट म्हणून तशीच घासत राहायची. मग पुन्हा चमचा. एकदा तर त्यांनी तो मला फेकून मारला. एका हाताने, आणि नेम काय तो!

एका रविवारी माझं डोकं फिरलं. मी पेन आपटलं आणि म्हटलं, तुम्हाला काय जातं सोड म्हणायला, मला जमत नाही ते. बाबांनी पेला बाजूला सारला. मला वाटलं दुखावले. पण ते वाक्य जुळवत होते. एकेक शब्द शोधून आणल्यासारखा आणत होते, कपाळावर घाम आला होता. म्हणाले, 'पडलेला अडथळा... उचलायला... कुणी मागे जातं का?' आणि मला लख्ख आठवलं, दादा. तुझी ती आंतरशालेय शर्यत. मी पायऱ्यांवर तुझी चप्पल मांडीवर घेऊन बसले होते, तू सगळ्यांच्या पुढे होतास, तिसरा अडथळा तुझ्या पायाने पडला आणि तू मान वळवून मागे पाहिलंस. तेवढ्यात दोघं पुढे गेले. नंतर सगळ्या शाळेदेखत बाबा तुला जे बोलले, ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे, तर तुला असणारच. त्यानंतर तू बूट घातले नाहीस. मी बाबांना म्हटलं, तुम्हाला दादाची शर्यत आठवतेय का? त्यांनी मान डोलावली. बराच वेळ चमचा हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, 'पोर होतं. मी... उगाच.' एवढंच. हे तुला सांगायला त्यांनी मला सांगितलेलं नाही. मीच सांगतेय.

त्या दिवसापासून मला सोडता यायला लागलं. सोपं नव्हतं, पहिल्यांदा अर्धवट प्रश्नावरून पुढे गेले तेव्हा हेडफोन काढून पळाल्यासारखं वाटलं. पण हळूहळू त्यात मजा यायला लागली. परीक्षेच्या दिवशी केंद्र सहाव्या मजल्यावर होतं. बाकीची पोरं लिफ्टच्या रांगेत आणि मी जिन्याने. इतकी वर्षं या धंद्यात काढून त्या दिवशी लिफ्टमध्ये पाय ठेवायला मी काही वेडी नाही. आत गेले, संगणकाचा पडदा सुरू झाला, आणि दादा, काय सांगू तुला, मी पळत होते! हा जमतोय, घेतला. हा जमत नाही, राहू दे. गोल टेबल आलं, या वेळी दहा माणसं होती, मी त्यांना नमस्कार करून पुढे गेले. बाहेर आले तेव्हा कडकडून भूक लागली होती. घरी पोचल्यावर बाबांनी भुवया उंचावल्या. किती सोडवले, ते त्यांना नको होतं. मी दोन्ही पंजे दाखवले आणि वर एक बोट. अकरा सोडले! त्यांनी पेल्यावर चमचा असा काही वाजवला की मदतीच्या बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

निकाल आला, मुलाखतीला बोलावणं आलं. समोर तीन जण, एक बाई आणि दोन गृहस्थ. त्यातल्या एका वयस्क प्राध्यापकांनी विचारलं की आमच्या इमारतीची लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडते, का पडत असेल? मी त्यांना उलट पाच प्रश्न विचारले. कुठला वार, कुठला मजला, फरशी कधी धुतात, सामान कोण चढवतं, दार कोण अडवून धरतं. पाचव्या उत्तरावर मी त्यांना सांगितलं की लिफ्ट बरीच आहे, पुस्तकांचे खोके चढवणारे दाराला खोका टेकवून ठेवतात, तो प्रकार थांबवा. बाई आणि दुसरे गृहस्थ हसायला लागले, आणि प्राध्यापक चक्क लिहून घेत होते. तिथेच माझा जीव भांड्यात पडला. फौजदारणींना बातमी सांगितली तर त्यांनी माझ्या पाठीत असा धपका घातला की हेडफोन खाली पडला आणि पलीकडच्या माणसाला वाटलं आम्हीच कुठे कोसळलो.

आता उरलेलं लिहिते. आत्तापर्यंत भरभर लिहिलं, इथे पेन अडतंय. ती संस्था इथून रेल्वेने अकरा तासांवर आहे आणि तिथेच राहावं लागतं. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला हजर व्हायचं आहे. पैशांची सोय झाली आहे, तो विषय नाही. प्रवेशाचं पत्र आल्यावर चार दिवस मी कोणालाच सांगितलं नाही, बाबांनाही नाही. पाचव्या दिवशी 'घरगुती कारणामुळे येऊ शकत नाही' असं लिहून तयार ठेवलं. ते बाबांच्या हाती लागलं. गेल्या शनिवारी मी बाजारातून आले तर मदतीच्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की काकांनी मला एक फोन लावायला सांगितला, वृद्धांच्या निवासाचा. बाबांचं बोलणं समोरच्यांना कळेना, म्हणून त्यांनी बाईंना सांगायला लावलं की दहा तारखेपासून एक खाट धरून ठेवा. मी खूप रडले, खूप भांडले. ते घड्याळ दाखवून एवढंच म्हणत राहिले की वेळ संपतेय, तू पळ.

दादा, हे पत्र मी त्यासाठी लिहितेय. तू दहा तारखेच्या आत घरी ये, आणि दोन वर्षं इथे राहा. तूच म्हणालास की ऑफिसात पाय ठेवून आठ महिने झाले, घरूनच काम चालतं. ते या घरूनही चालेल. तू घर सोडून निघालास तेव्हा 'मी आहे ना' असं मीच म्हणाले होते, आणि नंतर इतकी वर्षं तू जेव्हा जेव्हा विचारलंस तेव्हा सगळं ठीक आहे असंही मीच सांगत आले. त्यामुळे दोष तुला देत नाही. पण ठीक नव्हतं. मी दमले आहे रे. आणि मला जायचं आहे, इतकं जायचं आहे की लाज वाटते. ते नकाराचं पत्र मी फाडून टाकलं आहे. तू आलास तरी मी जाणार, आणि नाही आलास तरी जाणार, हे तुला आधीच सांगून ठेवते, म्हणजे माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस. बाबांना मी विचारलं होतं, दादाला कळवू का? त्यांनी जोरात मान हलवली. म्हणाले, 'त्याला... त्रास नको.' हे परवाचं. काल मी कामावरून आले तर तुझ्या खोलीतून आवाज येत होता. तुझ्या कॉटवर इतकी वर्षं जुन्या गाद्या, रिकामे खोके, माझे इस्त्रीचे कपडे असा ढीग असायचा. बाई सांगत होत्या की काका सकाळपासून आत आहेत, मदतीला हात लावू देत नाहीत. मी दारातून पाहिलं. ढीग सगळा खाली काढला होता. चालायची काठी भिंतीला टेकवलेली, आणि बाबा एका हाताने तुझ्या कॉटवर चादर घालत होते. एक कोपरा ओढला की दुसरा सुटत होता.

तुझीच,
टिटवी